हानचें पठार

काटकसर हा गुण आम्हांस वाडवडिलांकडून मिळाला. तो गुण आहे कीं दुर्गुण, याविषयीं मात्र आमच्या घरांत अद्यापि एकमत झालेलें नाहीं. दोन आणे टांगाभाडें वांचविण्यासाठीं भर उन्हांत स्टेशनापासून घरापर्यंत चालत येणाऱ्या आजोबांच्या गोष्टी आम्हीं लहानपणीं इतक्या वेळां ऐकल्या कीं, आजहि रिक्षांत बसतांना त्यांची आठवण होऊन मन थोडें ओशाळतें. असें असूनहि 'स्वस्त' या शब्दाविषयीं आमचें मत फारसें चांगलें नव्हतें. वर्षानुवर्षें महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकविणारा मनुष्य स्वस्त लोकप्रियता, स्वस्त भावना, स्वस्त करमणूक असे शब्द दिवसांतून दहा वेळां उच्चारतो, आणि हळूहळू त्याला असें वाटूं लागतें कीं, जिची किंमत कमी तिची योग्यताहि कमी. २००८ सालच्या हिवाळ्यांत आमच्या या समजुतीला जो धक्का बसला, त्याची हकीकत वाचकांस सांगावी असें पुष्कळ दिवस मनांत होतें. ती एका विमानतळाची हकीकत आहे, आणि थोडीशी आमच्या अक्काचीहि.

त्या वर्षीं आम्ही सहा महिन्यांच्या अभ्यासरजेवर लंडनमध्यें होतों. अक्का, म्हणजे आमची थोरली बहीण, लग्न झाल्यापासून जर्मनींत माइन्त्स या शहरीं राहात असे. आमचे मेहुणे, ज्यांना आम्ही दाजी म्हणतों, तेथें एका कारखान्यांत एंजिनियर होते. अक्का आमच्याहून अकरा वर्षांनीं मोठी. आई लवकर गेल्यामुळें आमचीं मुळाक्षरें, आमचे पाढे आणि आमचे तापांतले रात्रंदिवस, हें सर्व तिनेंच निभावून नेलें. ऑक्टोबरच्या आरंभीं दाजींचा फोन आला. रोगाचें नांव त्यांनीं सांगितलें, आणि डॉक्टरांनीं किती महिन्यांची मुदत सांगितली आहे तेंहि सांगितलें. त्यानंतर दोन्ही बाजूंस बराच वेळ कोणी बोललें नाहीं.

दर दोनतीन आठवड्यांनीं तिच्याकडे जाऊन यावें असें आम्हीं त्याच रात्रीं ठरविलें. जर्मनीचा परवाना आम्हीं मुंबईहूनच काढून आणला होता. परंतु हिथ्रोहून फ्रँकफर्टला जाणाऱ्या विमानांचें भाडें पाहतांच आमच्या शिष्यवृत्तीचा हिशेब कोलमडला. तेव्हां आमच्या बिऱ्हाडांतील एका तरुण विद्यार्थ्यानें संगणकाच्या पडद्यावर एक तिकीट काढून दाखविलें. लंडन स्टॅन्स्टेड ते फ्रँकफर्ट हान. भाडें इतकें कमी कीं, तेवढ्यांत लंडनमध्यें दोघांचें साधें जेवणहि झालें नसतें. 'हान' या शब्दाकडे आम्हीं लक्षच दिलें नाहीं. जर्मन भाषेंत हान म्हणजे कोंबडा, एवढें आम्हांस ठाऊक होतें. हा कोंबडा फ्रँकफर्टपासून सुमारें १२० किलोमीटर दूर आरवतो, हें ठाऊक नव्हतें. पुण्याचें तिकीट काढून साताऱ्यास उतरावें तसा हा प्रकार. छापलेलें न वाचण्याचा दोष आमचा. दैवाची गंमत अशी कीं, हानहून माइन्त्सला थेट बस सुटत असे, त्यामुळें आमचें नुकसान कांहींच झालें नाहीं.

स्टॅन्स्टेडच्या उंच, उजळ छताखालीं प्रथम उभे राहिलों तेव्हां एखाद्या नव्या तऱ्हेच्या देवळांत आल्यासारखें वाटलें. नॉर्मन फॉस्टर यांनीं रचलेली ती इमारत १९९१ सालची. तिच्यासमोरच्या तळाचा जन्म मात्र निराळ्या काळांतला. अमेरिकन सैन्याच्या एंजिनियरांनीं एसेक्स परगण्यांतल्या शेतांवर तो बांधला आणि १९४३ सालीं तो वापरांत आला. 'मरॉडर' जातीचीं बाँबफेकी विमानें येथून शत्रूच्या ताब्यांतील मुलखावर जात. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरल्या त्या ६ जून १९४४ च्या दिवशींहि तीं येथूनच उडालीं. युद्ध संपल्यावर, १९४६-४७ मध्यें, याच जागीं जर्मन युद्धकैदी ठेवले होते. पुढच्या दशकांत अमेरिकन पुन्हां आले आणि त्यांनीं धावपट्टी दहा हजार फूट लांब केली. जेथून जर्मन फौजांवर बाँब गेले आणि जेथें जर्मन कैदी घरची वाट पाहात बसले, तेथून आम्ही जर्मनींतल्या बहिणीकडे निघालों होतों. हें सर्व आम्हीं मागाहून वाचलें. त्या दिवशीं आमचें लक्ष अंगावरच्या तीन स्वेटरांकडे होतें; पिशवीचें वजन मर्यादेंत बसावें म्हणून आम्हीं ते एकावर एक चढविले होते, आणि अक्कासाठीं घेतलेला चिवडा कोटाच्या दोन्ही खिशांत भरला होता. दुसऱ्या दिवशीं भाऊबीज होती.

हानला उतरलों तेव्हां अंधार पडला होता. शिडीवरून उतरून सगळी मंडळी पायींच इमारतीकडे चालूं लागली. जागा समुद्रसपाटीपासून पांचशें मीटर उंच, वारा बोचरा, आणि भोंवतीं सूचिपर्णी वृक्षांचें काळें रान. दूर कडेला काँक्रीटच्या कमानीदार कोठारांची एक रांग दिसत होती. पठारावर गव्हाचीं एवढीं कोठारें असतील तर मुलूख संपन्न असला पाहिजे, असा तर्क आम्हीं केला. आमच्या आयुष्यांत इतका चुकीचा तर्क आम्हीं क्वचितच केला असेल. तीं लढाऊ विमानें बाँबपासून वांचविण्याचीं घरें होतीं, आणि तो मुलूख पिढ्यान्‌पिढ्या दरिद्री.

या पठाराचें नांव हुन्सरूक. खालीं स्लेटचा दगड, वर मातीचा पातळ थर, आणि हिवाळा लांबच लांब. शिंडरहानेस या नांवाचा प्रसिद्ध दरोडेखोर याच रानांत वावरला, आणि १८०३ सालीं माइन्त्स येथें त्याचा शिरच्छेद झाला. एकोणिसाव्या शतकांत येथलीं कुटुंबेंच्या कुटुंबें दक्षिण ब्राझीलमध्यें गेलीं. त्यांची बोली तेथें अजून बोलली जाते. कोंकणांतल्या वाचकांस हें ओळखीचें वाटेल. जमीन पुरत नाहीं म्हणून माणसांनीं बाहेर पडावें, आणि मागें राहिलेल्यांनीं त्यांच्या पत्रांची वाट पाहावी, हा क्रम तेथेंहि होता.

१९५१ सालीं फ्रेंचांनीं या पठारावर लष्करी तळ बांधावयास घेतला आणि लौकरच तो अमेरिकनांच्या हवालीं झाला. रशियाशीं युद्ध जुंपलें तर ऱ्हाईन नदीच्या पश्चिमेकडील तळ शत्रूपासून अधिक दूर, असा त्यांत हिशेब होता. चाळीस वर्षें येथून लढाऊ विमानें उडालीं. जवळच हासेलबाखच्या रानांत ९६ क्रूझ क्षेपणास्त्रें ठेवण्याचें ठरलें, तेव्हां लोकांनीं शेजारच्या शेतांत ९६ लांकडी क्रूस उभे केले, आणि १९८६ च्या ऑक्टोबरांत लाखों माणसें तेथें निषेधासाठीं जमलीं. पुढच्याच वर्षीं अमेरिका व रशिया यांचा करार झाला, क्षेपणास्त्रांची पाळी संपली. मग बर्लिनची भिंत पडली, आणि १९९३ सालीं अमेरिकनांनीं हानचा तळ जर्मनांच्या स्वाधीन केला. त्या क्षेपणास्त्रांच्या जागीं पुढें दर उन्हाळ्यांत तरुणांचा मोठा संगीतमेळा भरूं लागला. आम्हांस तसलें संगीत कळत नाहीं. परंतु त्या जागेच्या पूर्वीच्या उद्देशापेक्षां तें खचित बरें.

तळ गेला याचा आनंद सर्वांस झाला असेल अशी आमची समजूत होती. ती दुरुस्त केली एका वृद्ध बाईनें. दुसऱ्या खेपेस माइन्त्सच्या बसमध्यें ती आमच्या शेजारीं बसली होती. आमचें जर्मन महाविद्यालयांत शिकलेलें, तिचें हुन्सरूकच्या शेतांतलें. तरीहि संभाषण जमलें. तिच्या सांगण्याप्रमाणें तिच्या सासऱ्यांच्या शेताचा एक तुकडा धावपट्टीखालीं गेला होता. विमानांच्या आवाजानें कोंबड्या अंडीं घालीनात, मुलें झोपेंतून दचकत, आणि ती स्वतः चाळीस वर्षें त्या आवाजाला शिव्या देत आली. "आणि मग एके दिवशीं सकाळीं मला जाग आली," ती म्हणाली, "कशानें आली म्हणून पाहिलें, तर कसलाच आवाज नव्हता." त्या शांततेंत पावाचें दुकान बंद झालें, सैनिकांच्या बिअरपानाचे अड्डे बंद झाले, आणि तळावर विजेचीं कामें करणारा तिचा मुलगा घरीं बसला. आतां तो सामान चढविण्याच्या पाळीवर होता, आणि आठवड्यांतून दोन रात्रीं मालवाहू विमानांवर. विमानांबद्दल तुमचें आतां काय मत आहे, असें आम्हीं तिला विचारलें. मास्तरकीची खोड जात नाहीं. ती म्हणाली, "दिवे लागलेले आहेत ना?" आणि पिशवींतलें सफरचंद काढून अर्धें आम्हांस दिलें.

दिवे कशानें लागले, हें समजून घेण्याची जिज्ञासा त्यानंतर आम्हांस झाली. लष्करी धावपट्टी लांब आणि भक्कम असते, कारण तिच्या बांधणीच्या वेळीं खर्चाचा विचार शेवटीं होतो. ती वस्तीपासून दूर असते, म्हणून रात्रींहि विमानें उतरूं देतां येतात. हानला चोवीस तास परवानगी होती. सैन्य निघून गेल्यावर सरकारच्या हातीं अशी पट्टी राहते, आणि भोंवतीं बेकार माणसें. इकडे १९९७ पासून युरोपच्या संघांतील कोणत्याहि विमानकंपनीस संघांत कोठूनहि कोठेंहि उड्डाण करण्याची मुभा मिळाली. १९९९ सालीं रायनएअर ही आयर्लंडची कंपनी स्टॅन्स्टेडहून हानला येऊं लागली, २००२ सालीं तिनें तेथें आपलीं विमानें कायम ठेवलीं, आणि २००७ च्या सुमारास वर्षाला जवळजवळ चाळीस लाख उतारू त्या पठारावरून जाऊं-येऊं लागले.

या स्वस्ताईचें गणित आमच्या आजोबांस फार आवडलें असतें. विमान आकाशांत असेल तेव्हांच पैसे मिळवितें, जमिनीवर उभें असेल तेव्हां खातें. म्हणून उतरल्यापासून पंचवीस मिनिटांत तें पुन्हां उडालें पाहिजे. पुढच्या आणि मागच्या दोन्ही दारांना शिड्या लागतात, उतारू पायीं चालतात, सर्व विमानें एकाच जातीचीं असतात म्हणजे वैमानिक, कारागीर व सुटे भाग एकाच तऱ्हेचे पुरतात. एकेका विमानांत १८९ जागा. पाणी विकत, सामान विकत. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, उतरावयाचें तें अशा ठिकाणीं, जेथले लोक तुम्ही आलांत म्हणून हात जोडतील.

येथपर्यंत हिशेब स्वच्छ आहे. परंतु विमानतळ म्हणजे केवळ धावपट्टी नव्हे. आगीचे बंब लागतात, रात्रंदिवस माणसें लागतात, धुक्यांत वाट दाखविणारीं यंत्रें लागतात, आणि पांचशें मीटर उंचीवर हिवाळाभर बर्फ काढावें लागतें. हा खर्च रोजचा आहे, आणि हान येथें तो उतारूंकडून वसूल होत नव्हता. तोट्याची भरपाई इतर ठिकाणांहून होत असे. 'इतर ठिकाण' या शब्दाचा अर्थ आम्हांस डिसेंबरांत दाजींच्या वर्तमानपत्रानें समजावून दिला.

फ्रँकफर्टचा मुख्य विमानतळ चालविणारी फ्रापोर्ट ही कंपनीच तेव्हां हानचीहि मुख्य मालक होती. तोटा भरून निघावा म्हणून तिनें प्रत्येक उतारूकडून तीन युरो घेण्याचा विचार जाहीर केला होता. गंमतीनें लोक त्याला 'हान-टालर' म्हणत. रायनएअरनें धमकी दिली कीं, असें कराल तर आम्ही विमानें काढून नेऊं. दाजी ही बातमी मोठ्यानें वाचीत होते, आणि अक्का पलंगावर उशांना टेकून ऐकत होती. तिचा चेहरा त्या महिन्यांत लहान मुलीसारखा झाला होता.

"म्हणजे हा आला कीं, कोणाच्या तरी खिशांतून तीन युरो जातात," ती म्हणाली.

"कोणाच्या म्हणजे? आपल्याच," दाजी म्हणाले. "हानमध्यें आपल्या राज्याचा वांटा आहे. कर आपणच भरतों."

अक्का हंसली. हंसण्यानें तिला खोकला आला, तो थांबेपर्यंत आम्ही तिचा हात धरून बसलों. मग ती म्हणाली, "भाऊबिजेला ओवाळणी भावानें घालायची असते रे. तूं तर बहिणीकडूनच घेऊन जातोस."

ते तीन युरो कधींच कोणी भरले नाहींत. बेत बारगळला, आणि २००९ सालीं फ्रापोर्टनें आपला सगळा वांटा ऱ्हाईनलंड-फाल्त्स या राज्यास एक युरो किंमतीला विकून टाकला. एका विमानतळाची किंमत एक युरो! आमच्या पहिल्या तिकिटालाहि त्याहून अधिक पडले होते.

त्या हिवाळ्यांत आम्ही पांच वेळां हानला उतरलों. मोठ्या भाड्याच्या विमानानें फार तर एकदां गेलों असतों. पांच भेटींत अक्काशीं काय बोललों हें येथें सांगत नाहीं. तिनें आम्हांस आईच्या हातची कटाची आमटी कशी करावी तें लिहून घ्यावयास लावलें, एवढें सांगतों. सहाव्या खेपेचें तिकीट काढून ठेवलें होतें, तें फेब्रुवारीच्या एका शुक्रवारीं सकाळचें. गुरुवारीं दुपारीं दाजींचा फोन आला, आणि त्यांच्या आवाजावरूनच आम्हीं ओळखलें. हिथ्रोहून त्याच संध्याकाळीं एक विमान होतें. भाडें जबर होतें, पण देतां आलें असतें. आम्ही तसें म्हणत असतांच दाजींनीं फोन अक्काच्या कानाशीं धरला. "उद्यां ये," ती म्हणाली. आवाज अगदीं बारीक होता. "तिकीट काढलेलें आहेस ना? उगीच पैसे घालवूं नकोस."

लहानपणापासून तिचें ऐकण्याची संवय. आम्हीं ऐकलें.

शुक्रवारीं हानच्या पठारावर धुकें होतें. विमानानें वरच्यावर घिरट्या घातल्या. खालीं ढगांचा पांढरा सपाट थर, आणि वर स्वच्छ ऊन. शेजारचे एक गृहस्थ झोपलेले होते. अखेरीस विमान उतरलें, बस मिळाली, आणि माइन्त्सला पोंचलों तेव्हां भाचा दारांत उभा होता. तो तेव्हां सतरा वर्षांचा. त्यानें कांहीं सांगितलें नाहीं. आमच्या हातांतली पिशवी घेतली. अक्का जाऊन दोन तास झाले होते.

या गोष्टीवर आम्हीं गेल्या इतक्या वर्षांत फार विचार केला आहे. स्वस्त तिकिटानें आम्हांस पांच भेटी दिल्या आणि सहावी घेतली, असा जमाखर्च मांडून पाहिला. तो जुळत नाहीं. सहावी तिकिटानें घेतली नाहीं. ती आमच्या संवयीनें घेतली, आणि तिच्याहि. दाजींनीं एकदां बोलून दाखविलें कीं, तिला बहुधा तुझ्या डोळ्यांदेखत जावयाचें नव्हतें. तें खरें असेल, किंवा त्यांनीं केवळ आमच्या समाधानासाठीं म्हटलें असेल.

हानचें पुढें काय झालें तेंहि सांगितलें पाहिजे. उतारू कमी होत गेले. राज्यानें तळ विकावयास काढला. २०१६ सालीं शांघायच्या एका कंपनीशीं ठरलेला सौदा तिचे पैसेच न आल्यामुळें फसला, आणि मोठी बोंबाबोंब झाली. २०१७ सालीं एचएनए या चिनी उद्योगसमूहानें राज्याचा वांटा घेतला. त्याच वर्षीं रायनएअर फ्रँकफर्टच्या मुख्य विमानतळावर उतरूं लागली. जिनें १२० किलोमीटर दूरच्या पठाराला फ्रँकफर्ट म्हणून जगापुढें आणलें, तीच आतां खऱ्या फ्रँकफर्टला गेली. पुढें तिनें तेथला आपला तळहि २०२२ सालीं बंद केला, ही गोष्ट निराळी. २०२१ च्या ऑक्टोबरांत हानच्या कंपनीचें दिवाळें निघालें. २०२३ मध्यें ट्रिअरच्या एका जर्मन कंपनीनें तो विमानतळ घेतला, आणि विमानें आजहि येतात-जातात. रेल्वे मात्र तेथपर्यंत कधींच आली नाहीं. जुना फांटा पुन्हां चालू करण्याच्या योजना कागदावर पुष्कळ वेळां झाल्या.

दिवाळखोरीच्या त्या मधल्या काळांत, २०२२ च्या उन्हाळ्यांत, आम्ही भाच्याच्या लग्नास गेलों होतों. लग्नानंतर त्यानें विचारलें, "मामा, हानला जाऊन यायचें का?" कोणी तरी विचारील याचीच आम्ही जणूं वाट पाहात होतों. पठारावर स्वच्छ ऊन होतें. मोटारी उभ्या करण्याचीं मैदानें बव्हंशीं रिकामीं, फरशांच्या फटींतून गवत आलेलें. काँक्रीटच्या कमानी जेथल्या तेथें होत्या. माइन्त्सची बस जेथें थांबे तेथें आम्ही थोडा वेळ उभे राहिलों.

तेवढ्यांत एक विमान उतरलें. पूर्व युरोपकडून आलेलें असावें. त्यांतून कामकरी माणसें आणि मुलांबाळांसह कुटुंबें बाहेर पडूं लागलीं. जाणारी मंडळीहि तशीच होती. दाराशीं एक स्थूल बाई ऐन उन्हाळ्यांत दोन कोट अंगावर घालून तिसरा चढविण्याच्या खटपटींत होती, आणि पायाशीं तिची बॅग अर्धी उघडी. तिची बाही कांहीं केल्या सांपडेना. भाच्यानें पुढें होऊन कोट धरला. ती त्याला जर्मनमध्यें नव्हे, तिच्या कोणत्या तरी भाषेंत कांहींतरी म्हणाली, बॅग ओढीत आंत गेली, आणि मग आम्हीं तिला कुंपणाच्या जाळींतून शिडीकडे घाईघाईनें चालतांना पाहिलें. दारें लागलीं. विमान वळलें, धावलें आणि रानाच्या वरून गेलें. आम्हीं घड्याळाकडे पाहिलें. तें उतरल्याला पंचवीस मिनिटें झालीं होतीं.